कढईचं गोत

या, टेका इथं. भिंतीला पाठ लावा, तोंडावर ऊन घेऊ नका. एक गोष्ट सांगतो, एका बाईची आणि तिच्या कढईची. घाई असंल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट अर्धी ऐकली तर पचत न्हाई. आणि शेवटाला तुमच्याकडं माझं एक मागणं हाय. ते आत्ता सांगत न्हाई. आधी ऐका.

त्या काळात माणूस माणसाला भेटला की जात विचारत नव्हता, आडनाव विचारत नव्हता. पहिला सवाल एकच, "कुठल्या कढईचा?" लग्न जमवायचं तर कढई बघायची. वारस लावायचा तर कढई. म्हातारं माणूस कुणी सांभाळायचं, तिथंबी कढईच.

हसू नका. ऐका कसं झालं ते.

त्या दिवसांत पोरं जन्माला यायच्या तऱ्हा लई झाल्या होत्या. बीज एकाचं, पोट दुसरीचं, सांभाळ तिसऱ्याचा. काही तर काचेच्या पेटीतच नऊ महिने काढून आलेली. घरं मोडत होती, पुन्हा जुळत होती. मंग कोर्टात नुसती भांडणं. हे पोर कुणाचं, ही म्हातारी कुणाची. न्यायाधीश पार टेकीला आले. आणि तेवढ्यात शास्त्रज्ञांनी लोखंडाचा शोध लावला.

म्हणजे लोखंड होतंच. आपल्या रक्तात लोखंड असतं आणि त्यानंच रक्त माणसाला दम पुरवतं, हे जुनं ज्ञान. नवं ज्ञान असं की लोखंडाचे कण सगळे एका वजनाचे नसतात. चार वजनांचे असतात. पोत्यात कशी टपोरी ज्वारी, मध्यम ज्वारी, बारकी ज्वारी आणि जरा कणी मिसळलेली असती, तसं. कुठल्या खाणीतलं, कुठल्या भट्टीतलं, कुणी किती तापवलं, त्यावर ती मिसळण ठरती. दोन कढयांची मिसळण सारखी निघत न्हाई. कढईत आंबट आमटी रटरटली की कढई तिळातिळानं झिजती, ते कण आमटीतनं पोटात जातात, पोटातनं रक्तात. आणि रक्तात गेलेलं लोखंड अंग सहजासहजी सोडत न्हाई. वर्षानुवर्षं धरून ठेवतं. यंत्र इतकं बारीक निघालं की थेंबभर रक्तातनं सांगायचं, ह्या माणसानं कुणाच्या कढईतलं खाल्लंय.

शोध मात्र असा, की डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यावी. जन्म कुणी दिला ते बाजूला ठेवा, पोसलं कुणी ते सांगा. पोसणाऱ्याचा हक्क पहिला. म्हातारपणी पोसणाऱ्याला बघायचं कर्तव्यबी पोसलेल्याचं पहिलं. एका कढईत खाल्लेली माणसं एका गोताची, त्याला नाव पडलं लोहगोत. जातीपातीच्या उतरंडी त्या एका यंत्रानं अशा फोडल्या की विचारू नका. मोठमोठ्या घरातली माणसं कुणाकुणाच्या चुलीवर वाढली होती, ते सगळं रक्तातनं बाहेर पडलं.

आणि ज्याच्या रक्ताला कुणाचंच रक्त जुळत न्हाई, ते 'सुटं माणूस'. म्हातारपणी हातपाय थकले की सुट्या माणसाला सरकार उचलून माळावरच्या वसाहतीत न्यायचं. वाईट जागा नव्हती ती. स्वच्छ खोली, पांढरी चादर, यंत्रानं वाढलेलं ताट. फक्त तिथनं माघारी कुणी येत नव्हतं, आणि तिथं कुणी भेटायलाबी जात नव्हतं. सुट्याला भेटायला जाणार कोण?

आता आपली बाई.

बार्शीत एसटी स्टँडच्या मागल्या बोळात वैजयंताची खानावळ होती. गावाची वैजामावशी. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, तो घाटात गेला. पोरबाळ झालं न्हाई. बाईनं उभा जन्म पोरं जेवू घातली. कॉलेजची, आयटीआयची, डेपोतली, हमालाची. तिची कढई म्हणजे बार्शीत एक नावाजलेली चीज होती. बैलगाड्या मोडीत निघाल्या तेव्हा तिच्या सासऱ्यानं गाडीच्या चाकाची धाव घिसाड्याला दिली होती. धाव म्हणजे लाकडी चाकावर बसवतात ते लोखंडी कडं. घिसाड्यानं त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचा मोडका पाटा घातला आणि ठोकठोकून कढई केली. दोन माणसांनी धरावी अशी. चिंचेचा कोळ घातलेली वैजामावशीची आमटी त्यात उकळायला लागली की स्टँडवरच्या गाड्या पाच मिनिटं उशिरा सुटायच्या.

गुडघे गेले तशी खानावळ बंद झाली. बंद झाल्यावर महिन्याच्या आत सरकारी माणूस दारात. "आजी, जोडणीचं शिबिर आहे, बाजार समितीच्या शेडमध्ये. तुमचं लोहगोत बघायचंय."

त्याला आठ दिवस राहिले होते तेव्हाची ही गोष्ट.

तबस्सुम डेपोतनं थेट आली, हाताला ग्रीस तसंच. ही डेपोत मेकॅनिक. आई लहानपणीच वारली. बाप वेल्डर, तो खानावळीत जेवायला यायचा, ही त्याच्या शेजारी बसायची. पुढं बापाची पाळी रात्रीची झाली तशी पोरगी खानावळीतच वाढली. तिथंच अभ्यास, तिथंच झोप, तिथंच मार. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, मावशी माझ्या घरी येणार, वरची खोली रंगवून ठेवलीय.

"मावशी, आरशात बघितलंस का? पार मुळ्यागत पांढरी पडलीस."

"वय झालं की माणूस गोरं होतं. लग्नात झाले असते तर उपयोग होता."

"चेष्टा नको. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी बसलीस म्हणं चक्कर येऊन. सगळा बोळ सांगतोय."

"बोळाला काय कामधंदा हाय?"

तबस्सुम पायरीवर बसली. "ऐक. डेपोत एकजण सांगत होता. त्याच्या चुलत्याच्या रक्तात लोखंडच कमी होतं. शिबिरातलं यंत्र म्हणलं, खूण न्हाई. खूण होती, पण वाचण्याइतकं लोखंडच नव्हतं. दुसऱ्यांदा बघत न्हाईत ते. त्याच दिवशी गाडीत बसवला."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. आतनं घाबरली होती, पण तसं दाखवणारी नव्हती. माळाची भीती तिला नव्हती. भीती एकच, की सकाळी उठल्यावर आपल्याला कुणी 'मावशी' म्हणणार न्हाई.

"मंग करायचं काय?"

"खासगीत जाऊ. आधी लोखंड मोजून घेऊ. कमी असंल तर आठ दिवसांत काय ते करू. सरकारीत टोचलं की आकडा थेट सरकारात. खासगीत टोचलं तर तुझ्यामाझ्या कानापुरतं."

"आणि माझी कढई? ती नेऊ की शिबिरात. ठेवते त्यांच्या पुढ्यात."

"कढईची साक्ष चालत न्हाई मावशी. कढई चोरीला जाती, मोडीत जाती. रक्ताला रक्तच जुळलं पायजे. तुझ्या रक्तात कढई, माझ्या रक्तात कढई, झालं. घाबरतीस कशाला? गावात तुझ्या कढईचं लोखंड कुणाच्या अंगात न्हाई ते शोधावं लागंल."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या डॉक्टर अबोली खरातांकडं. उपळाई रोडला खाली रक्त तपासायची जागा आणि वर चार खाटांचा दवाखाना. डॉक्टर चाळिशीची, चष्मा डोक्यावर आणि चष्मा शोधत फिरणारी.

सुई टोचली तशी मावशी म्हणली, "बाई, जरा बेतानं. आत काय फार शिल्लक न्हाई."

"दोन थेंब घेतेय मावशी, मटका भरत नाही."

"आणि खाल्लेलं लोखंड अजून आत असंल का? खानावळ बंद होऊन महिना झाला."

डॉक्टरला असे प्रश्न आवडायचे. ती स्टूल ओढून समोर बसली. "रक्तातली तांबडी पेशी साधारण चार महिने जगते. मग मोडते. पण शरीर तिच्यातलं लोखंड फेकत नाही. काढून घेतं आणि नव्या पेशीत बसवतं. परत ती मोडली की तिसरीत."

"धावंगत," मावशी म्हणली. "चाक मोडलं की सुतार नवं करायचा, पण धाव तीच चढवायचा."

"अगदी तसंच. बायकांचं पाळीत, बाळंतपणात जातं थोडं. तरी बरंच राहतं. आईच्या पोटात असताना आईकडनं मिळालेलं सुद्धा थोडं, अगदी पुसट, म्हातारपणी सापडतं."

"आईचं?" मावशीनं एकदम मान वर केली. "माझी आई जाऊन जमाना झाला."

"तिचं लोखंड जायला वेळ लागतो."

मावशी आपल्या हाताकडं बघत बसली, जसं काय आजच कुणी तो हात तिला दिला होता. शास्त्र काय चीज हाय बघा. अक्षरशत्रू बाईला तिची आई तळहातात दाखवली.

यंत्र घरघरलं आणि थांबलं. पडद्यावर रंगांचे पट्टे उमटले. डॉक्टरनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यावर घेतला. मंग पुन्हा काढून पुसला, पुन्हा घातला.

"लोखंड फार कमी आहे. टाकीचा तळ दिसतोय. ह्या अंगानं तुम्ही चालत आलात हेच नवल."

"ते वाढवता येईल की," तबस्सुम म्हणली. "कढईची खूण किती दिसतीय ते सांगा."

डॉक्टरनं पट्टे पुन्हा वरपासनं खालपर्यंत बघितले.

"डॉक्टर?"

"खूण नाहीये."

"वाचता येत न्हाई, असं म्हणताय ना? कमी हाय म्हणून?"

"आमचं यंत्र शिबिरातल्यापेक्षा बारीक वाचतं. वाचता येतंय. जे थोडं आहे ते कुठलं कुठलं, बाजारच्या धान्यातलं. त्याच्या खाली एक फार जुनी, फिकट खूण आहे. लहानपणची. बहुतेक तुमच्या आईच्या घरची. पण तुमच्या कढईचं लोखंड तुमच्या अंगात नाही, मावशी."

तबस्सुम उठलीच. "यंत्र बिघडलंय तुमचं! जिनं आख्खं गाव जेवू घातलं... माझं रक्त घ्या. लावा. आत्ता लावा."

लावलं. पडद्यावर असा ठसठशीत पट्टा उठला की खोली उजळली. धावेचं लोखंड, पाट्याचं लोखंड, दोन्हीची मिसळण, अगदी स्पष्ट.

"यंत्र ठीक आहे," डॉक्टर हळू म्हणली. मंग मावशीकडं वळली. "मावशी, तुम्ही जेवायच्या काय?"

"जेवायची की. न जेवता काय जगते?"

"तसं नाही. काय जेवायच्या?"

आता मावशी अवघडली. चोरी पकडल्यागत पदराचं टोक पिळायला लागली. "मी आपली मागनं जेवायची. पोरं उठली की. भाकरी असायची. चहा असायचा."

"आमटी?"

"आमटी राहती कुठं? शेवटचं कुणीतरी यायचंच. हमालाची पाळी सुटली, कुणाची गाडी उशिरा आली. चहा-भाकरी बरी. चहात भाकरी कुस्करली की पोट भरतं."

"भाकरीचा तवा?"

"हिंडालियमचा. लोखंडी तव्यानं मनगट दुखायचं, हा हलका बरा."

डॉक्टरनं डोळे मिटले. मंग समजावून सांगायला लागली, जसं काय स्वतःलाच सांगत होती. "चहात तुरटपणा असतो. तो लोखंडाला पोटातच धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे भाकरीत जे काय होतं तेसुद्धा चहानं अडवलं. तुम्ही उभा जन्म कढई ढवळलीत आणि तिच्यातलं तुमच्या वाट्याला काहीच आलं नाही."

तबस्सुमचा आवाज फाटला. "तू तर म्हणायचीस, माझं झालंय! मी विचारायची की न्हाई? पानावर बसल्यावर विचारायची, मावशी तू? आणि तू म्हणायचीस, माझं झालंय, तू घे अजून एक पळी!"

"मंग काय म्हणायचं होतं? तू वाढत्या अंगाची."

"खोटारडी! आख्खा जन्म खोटं बोललीस!"

"जेवणाच्या वेळचं खोटं लागत न्हाई," मावशी म्हणली. आणि हसली. पण ते हसू पुरं आलं न्हाई.

आता पेच ध्यानात घ्या. कायदा म्हणतो पोसणाऱ्याचा हक्क पहिला. पण यंत्राला दिसतं कोण जेवलं ते. कुणी वाढलं ते त्याला दिसत न्हाई. वाढणारा त्याच कढईतलं खात असणार, हे शास्त्रज्ञांनी धरूनच चाललं होतं. त्यांच्या हिशेबात ते इतकं साधं होतं की कुणाच्या मनात दुसरं आलंच न्हाई.

डॉक्टर म्हणली, "आजपासून तुमच्याच कढईतलं, चिंच घालून, चहा बंद करून खाल्लंत, तरी रक्तात नीट दिसायला आठवडे जातील. शिबिर आठवड्यावर आलंय. गोळ्या-इंजेक्शननं लोखंड वाढेल, पण ते कारखान्याचं. त्याला गोत नाही." तिनं वर, खाटांकडं बोट केलं. "एक मार्ग आहे. नाहीतरी तुम्हाला रक्त चढवावंच लागणार. इतकं कमी ठेवून मी तुम्हाला घरी सोडणार नाही. कुणाचं चढवायचं, एवढाच प्रश्न."

तबस्सुमनं बाही वर केली. "हे घ्या."

"गट तपासते. पण लक्षात ठेवा, एका पिशवीत चार-सहा महिन्यांच्या जेवणातनं जेवढं मुरेल तेवढं लोखंड असतं. त्यातलं बरंचसं तुमच्या कढईचं असेल. हे कायद्याच्या बाहेर नाही. रक्त देऊ नये असं कुठंच लिहिलेलं नाही."

"नको," मावशी म्हणली.

तिनं तबस्सुमची बाही ओढून खाली केली.

"दिलेलं परत घेत न्हाई मी. कुणाच्या पानातलं उचललं न्हाई आजवर, आता पोरीच्या अंगातलं काढून घेऊ? माळावर जाईन मी. पांढरी चादर हाय म्हणतात."

"मावशी, मला काही होत न्हाई त्यानं. महिनाभरात भरून येतं."

"तरीबी न्हाई."

पेच लोखंडाचा नव्हताच बघा. बाईला घेता येत नव्हतं. हात असा वळलेला की फक्त पुढं जायचा, माघारी यायचाच न्हाई. डॉक्टरनं शास्त्र सांगून बघितलं. तब्येतीचं भय घालून बघितलं. मावशी चपला शोधायला लागली.

तबस्सुम तिच्यापुढं उकिडवी बसली. चपला उचलून पाठीमागं धरल्या.

"तू काय म्हणायचीस? मी मागनं जेवते. होय का न्हाई?"

"होय."

"सगळी उठल्यावर."

"होय, मंग?"

"मंग उठली की सगळी. हमाल उठले. आयटीआयची पोरं उठली, त्यांची पोरं बाप झाली. मी उठले. आता कुणीबी यायचं राहिलं न्हाई मावशी. शेवटच्या गाडीचाबी माणूस जेवून गेला. तुझी पाळी हाय. ही तुझ्या वाटणीची आमटी हाय, माझ्यात झाकून ठेवलेली. जेवायला बस."

 मावशीनं चपलेसाठी पुढं केलेला पाय मागं घेतला आणि दंड पुढं केला.

गट जुळला. वरच्या खाटेवर नळीतनं थेंब थेंब उतरायला लागलं. मावशी त्या पिशवीकडं अशी बघत होती की जशी कढई उतू जाईल म्हणून बघावं. अर्धी पिशवी झाली तशी म्हणली, "बाई, बास. पोट भरलं."

"मावशी, हे पोट नाही."

"तरीबी. बाकीचं कुणाला लागंल."

"गप पड," शेजारच्या खाटेवरनं तबस्सुम ओरडली. "पानात टाकायचं न्हाई, तूच शिकवलंस!"

सहा दिवसांत बाईच्या ओठाला रंग आला. बोळात पुन्हा भांडायला लागली, त्यावरनं सगळ्यांनी ओळखलं की तब्येत सुधारली.

शिबिराच्या दिवशी दोघी बाजार समितीच्या शेडमध्ये गेल्या. तबस्सुमनं कढई घासून सकाळीच आमटी केली होती, डबा भरून बरोबर घेतला होता. साहेब तरुण होता, मऊ बोलणारा. दोघींचं रक्त लावलं. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला.

"अभिनंदन! खूण जुळली. एकच लोहगोत." साहेब पडद्यावर पुढं वाचायला लागला. "पोसणारी, तबस्सुम शेख. पोसलेली, वैजयंता माळवे."

"उलटं हाय साहेब!" तबस्सुम म्हणली. "पोसणारी ही. मी पोसलेली."

"यंत्र उलटं सांगत नाही, ताई. ज्याची खूण खोल आणि जुनी तो पोसणारा, ज्याची ताजी तो पोसलेला. तुमच्यात खोल आहे, ह्यांच्यात नुकतीच आलीय. म्हणजे ह्यांना तुम्ही पोसलंय."

तबस्सुम भांडायच्या तयारीत होती. मावशीनं तिच्या हाताला धरलं. "चल गं आये," ती म्हणली. "भूक लागली. घरी जाऊन काय देतीस ते दे."

हसत हसत दोघी शेडच्या बाहेर आल्या. आणि इथं खरं तर गोष्ट संपायला पायजे होती. बाई जिंकली होती. पण बाहेर वसाहतीची गाडी उभी होती.

पांढरी गाडी, काचेच्या मोठ्या खिडक्या, आत गार हवा. आणि खिडकीखिडकीला बसलेली सुटी माणसं. मावशी थांबली. पुढच्या खिडकीपासनं मागच्या खिडकीपर्यंत बघत गेली. मंग पुन्हा मागनं पुढं.

"तब्बे," ती म्हणली, "ह्यात बापई माणूस दिसतोय का गं तुला?"

ड्रायव्हर सोडून एकबी नव्हता. सगळ्या बायाच. म्हाताऱ्या, पांढऱ्या फटक, मुळ्यागत. हात काचेवर, मांडीवर ठेवलेले. त्या हातांवर मनगटापाशी काळे वण. कढई उतरवताना काठाचा चटका बसतो ना, ते. बोटांची टोकं भाकरी उलटून उलटून गुळगुळीत झालेली.

साहेब पाठोपाठ आला होता. मावशीनं विचारलं, "साहेब, ह्यांचं काय?"

"सुटी माणसं आहेत आजी. ह्यांच्या रक्तात कुणाचीच कढई नाही. कुणी ह्यांना पोसलं नाही, ह्यांनी कुणाला पोसलं नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र खोटं बोलत न्हाई," मावशी म्हणली, "पण ह्या बोलतात."

साहेबाला काय कळलं न्हाई. तो हसला, आणि शेडमध्ये माघारी गेला.

मावशीनं तबस्सुमच्या हातातला डबा घेतला. झाकण उघडलं. चिंचेचा, लसणाचा वास सुटला. ती पहिल्या खिडकीशी गेली आणि डबा वर केला. "घ्या बाई. गरम हाय. घोटभर घ्या, लांबचा पल्ला हाय."

खिडकीतल्या म्हातारीनं काच सरकवून वास घेतला. डोळे भरले तिचे. डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि म्हणली, "माझं झालंय. हिला द्या." आणि मागच्या बाईकडं दिला.

मागची म्हणली, "माझं आत्ताच झालंय. पलीकडं द्या."

पलीकडची म्हणली, "माझं झालंय, तिकडं कोण उपाशी असंल त्याला द्या."

डबा ह्या हातातनं त्या हातात, सगळी गाडी फिरला. पार मागच्या बाकापर्यंत गेला, दुसऱ्या बाजूनं पुढं आला, आणि त्याच पहिल्या खिडकीतनं मावशीच्या हातात माघारी आला. काठोकाठ होता तसा. एक थेंब कमी नव्हता.

गाडी सुटली. मावशी डबा धरून उभीच. तबस्सुम हाका मारत होती, तिला ऐकू येत नव्हत्या.

ही झाली गोष्ट. आता माझं मागणं.

तुम्ही आता घरी जाल. हातपाय धुवून ताटावर बसाल. तुम्हाला वाढायला जी कुणी उभी असंल, आई असंल, बायको असंल, बहीण, सून, मावशी असंल, तिला विचारा, तू जेवलीस का? ती म्हणंल, माझं झालंय. एवढंच करा, तिचं ऐकू नका. हाताला धरून खाली बसवा, तळातली आमटी ढवळून पहिली पळी तिच्या पानात घाला, आणि ती पुरतं जेवून उठंपर्यंत तुम्ही जागचं हलू नका.